चुन्याची दुसरी खूण

१

महिपती मिस्त्री टायमिंग कानाने लावायचा. गॅरेजवाल्याला एवढं सांगितलं की पुरे, बाकीच्यांना थोडं समजावावं लागेल. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची, पिस्टन वर यायच्या किती आधी, त्याला म्हणतात टायमिंग. ठिणगी जरा लवकर पडली की इंजिन उलटी लाथ मारतं. उशिरा पडली की रडतं, तापतं, चढावर माघार घेतं. ठिणगी वाटून देणारा एक डबा असतो, डिस्ट्रिब्युटर. तो जरासा इकडे-तिकडे फिरवायचा, कान द्यायचा आणि सूर लागला की नट आवळून टाकायचा. महिपतीने तीस वर्षं असंच केलं. त्याच्या हातून गेलेल्या गाड्या कल्याणपासून कर्जतपर्यंत धावत होत्या आणि एकही गिऱ्हाईक परत येऊन बोंबललं नव्हतं.

त्याचं गॅरेज म्हणजे मोरिवलीत घराला लागून काढलेली पत्र्याची शेड. शेडच्या मागे शेजारच्या गोजरबाईचा गोठा, गोठ्यामागे कारखान्याची भिंत, आणि भिंतीपलीकडे रंगाचा कारखाना. मधे म्हणाल तर एक बाभूळ आणि दोन उकिरडे, बस.

अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत त्या शेडमध्ये कारखान्याचा आगीचा बंब उभा होता. लढाईच्या वेळची अमेरिकन गाडी, सहा सिलिंडर, पेट्रोलवर चालणारी. लष्कराचा कॅम्प उठला तेव्हा लिलावात निघाली आणि हिंडत हिंडत कारखान्यात आली. तिचा पाण्याचा पंप तिच्या इंजिनावरच चालायचा, म्हणजे इंजिन बंद तर पाणी बंद. आणि गेल्या एप्रिलात, थिनरच्या पिंपांनी पेट घेतला त्या दिवशी, नेमकं ते इंजिनच सुरू होईना. ते पुढून लोखंडी हँडल घालून, फिरवून सुरू करायचं; हँडल मारून मारून एका माणसाचं मनगट मोडलं. दुसरा बंब लांबून यायचा होता. तेवढ्यात जाळ भिंतीवरून इकडे उतरला.

गोजरबाईच्या दोन म्हशी दाव्याला होत्या. महिपतीची बायको विठा दावी सोडायला आत शिरली. एक म्हैस सुटली, एक नाही सुटली. विठाचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. आता त्यावर गुलाबी, ताणलेली कातडी आली होती आणि थंडीत ती खाजायची.

त्यानंतर कारखान्याच्या दिनानाथ साहेबांनी, हे तिथले सेफ्टी ऑफिसर, बंब भंगारात काढायचं ठरवलं. मंजुरी मिळाली की नवीन येईल म्हणाले. मंजुरी कधी मिळते ते मोरिवलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा महिपती चार लोकांसमोर पारावर बोलून बसला, की इंजिन मला द्या, अर्ध्या हँडलात सुरू झालं नाही तर मला मिस्त्री म्हणू नका. साहेबांनी जानेवारीअखेरची मुदत दिली. सुरू झाला तर बंब मोरिवलीकडच्या गेटावर कायमचा उभा राहणार, नाही झाला तर भंगारवाला घेऊन जाणार. गावाला आगीपासून दुसरा आडोसा नव्हता, आणि महिपतीला रात्रंदिवस तो गुलाबी हात डोळ्यांसमोर होता.

२

इंजिन त्याने पार खोललं. सिलिंडर घासून घेतले, पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या, वाल्व हाताने बसवले. दीड महिना शेडमध्ये रॉकेलचा वास आणि विठाची कुरकुर यांशिवाय काही नव्हतं. पण कुरकुर करत का होईना, हाताखाली तीच असायची. पोरगा ठेवणं परवडत नव्हतं.

गॅरेजात एक रीत असते. मिस्त्री गाडीखाली पडलेला असतो, तोंडात बोल्ट धरलेला असतो, बोलायची सोय नसते. तो नुसता हात बाहेर काढतो, तळवा उघडा. जो कोणी जवळ असेल त्याने पाना त्यावर ठेवायचा. कुठला, कशाला, विचारायचं नाही. विठाला तर न बघता कळायचं की अर्धा इंची हवाय की पाऊण. चुलीवर भाकरी असली तरी ती तशीच उठून यायची, पाना ठेवायची आणि परत जायची.

इंजिन जोडलं आणि सुरूही झालं, पण लाथा मारत. हँडल उलटं फिरून महिपतीच्या अंगठ्याला चाटून गेलं, थोडक्यात वाचला. चाललं तेव्हा खोकत चाललं. त्याने पहिला पिस्टन वर आणून सगळं पुन्हा जुळवलं, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट मापाच्या पत्रीने मोजली, वायरी क्रमाने लावल्या. डिस्ट्रिब्युटर फिरवत तासन्‌तास कान लावून बसला. सूर सापडेना. जवळ आला असं वाटायचं आणि निसटायचा. आपला कान गेला की काय, ही शंका त्याला पहिल्यांदा आली आणि ती त्याने विठालाही सांगितली नाही.

शेवटी त्याने रिक्षा केली आणि उल्हासनगर गाठलं. कॅम्प एकमध्ये टेकचंदचं जुन्या पार्टांचं दुकान होतं. टेकचंद हसला, म्हणाला, मिस्त्री, आप और लाइट? पण त्याने टायमिंग लाइट काढून दिली. पिस्तुलासारखा दिवा असतो तो. एक वायर पहिल्या प्लगला जोडायची. त्या प्लगला ठिणगी पडली की दिवा लखकन एकदा चमकतो. पुढच्या पुलीवर खूण केलेली असते, ती त्या चमकेत दिसते. चमक दर खेपेला ठरलेल्या जागीच पडते, त्यामुळे गरगर फिरणारी पुली जागच्या जागी थांबलेली दिसते. नुसता डोळ्यांना होणारा भास. पण खूण कुठे आहे ते नेमकं कळतं.

३

खूण करायला महिपती तंबाखूच्या डबीतला चुना वापरायचा. बोटाच्या टोकावर जरासा घ्यायचा आणि पुलीच्या खाचेवर ओढायचा. काळ्या पुलीवर पांढरी रेघ, फुकटात.

दुपारची जेवणं झाल्यावर त्याने शेडच्या दाराला ताडपत्री लावली. उजेडात दिवा दिसत नाही, म्हणून अंधार करावा लागतो. इंजिन सुरू केलं, फेंडरवर ओणवा झाला आणि दिवा पुलीवर धरला.

रेघ दिसली. थरथरत होती, पण होती जवळपास जागेवर. आणि तिच्या चार बोटं अलीकडे आणखी एक रेघ होती.

इंजिन बंद केलं. पुली हाताने पूर्ण फिरवून पाहिली. एकच रेघ. त्याने खूण एकदाच केली होती, आणि चुना कुठे दुसरीकडे लागलाही नव्हता. पुन्हा सुरू केलं. दोन.

आता तुम्ही म्हणाल घाबरला असेल. कशाला घाबरतोय? मिस्त्रीला दोन खुणा दिसल्या तर त्याची चार कारणं त्याच्या खिशात असतात. डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजला की दांडा हलतो, ठिणगी कधी इथे पडते कधी तिथे, आणि एकाच्या दोन रेघा दिसतात. शेजारच्या वायरीतून ठिणगी उडी मारते तेव्हाही तसंच होतं. कॅप चिरलेली असली तरी तेच. त्याने एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून नवा बुश करून आणला. वायरी बदलल्या, कॅप बदलली, कंडेन्सर बदलला. पाच दिवस गेले. दिवाच वाईट असेल म्हणून तो दुरुस्तीला आलेल्या एका जीपवर लावून बघितला. जीपवर खूण एकच आली, आणि काय ठाम आली.

बंबावर मात्र दोनच. आणि एक गोष्ट त्याला खटकत होती, ती तो स्वतःलाही नीट सांगत नव्हता. त्याची स्वतःची रेघ थरथरायची. ही दुसरी मुळीच हलत नव्हती.

४

सहाव्या दिवशी त्याने विठाला हाक मारली. त्याला दोन्ही हात डिस्ट्रिब्युटरवर हवे होते. दिवा तू धर म्हणाला, मी फिरवतो, पांढरं कुठे जातं ते तू सांग. विठाने पदर खोचला. धरण्याआधी त्याने तिला बजावलं की चमकेत पंखा थांबलेला दिसेल, पण तो थांबलेला नसतो. उल्हासनगरात एकाने असंच थांबलाय समजून पट्टा चाचपायला हात घातला आणि तीन बोटं रेडिएटरमध्ये सापडली.

"मला काय येडी समजता काय," विठा म्हणाली.

ताडपत्री ओढली. इंजिन सुरू झालं. शेडमध्ये नुसती चमक आणि चमकेत पत्रे, टायर, भिंतीवरचे पाने, सगळं उडी मारल्यासारखं दिसत होतं. महिपतीने डबा केसभर फिरवला आणि विचारलं, पांढरं कुठे आहे? विठा वाकून खाली बघत राहिली. त्याने पुन्हा विचारलं.

"आधी हात काढा तिथून."

"कुठून?"

"पंख्याजवळून. मला शिकवता आणि सोता घालता."

महिपतीने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही डिस्ट्रिब्युटरवर होते, इंजिनाच्या वरच्या अंगाला, पंख्यापासून चांगले हातभर लांब. त्याने ते उचलून तिला दाखवले. विठाने एकदा त्या हातांकडे पाहिलं आणि एकदा खाली. दिवा धरलेला तिचा भाजलेला हात हलला नाही. मग तिने दिवा खाली ठेवला आणि ताडपत्री बाजूला केली. बाहेर ऊन होतं आणि गोजरबाई शेण थापत होती.

त्याने इंजिन बंद केलं. बायका काहीतरी बघतात, सावली असेल, फेंडरची कड असेल, असं काहीबाही तो बोलत राहिला. विठाने ऐकून घेतलं. रात्री वाढताना मात्र तिने ताट पुढे सरकवलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की हात मनगटापर्यंत होता, उजवा होता, आणि पेट्रोलात धुऊन धुऊन पांढरा पडला होता. तुमच्यापेक्षा जास्त वर्षं काम केलेला हात आहे म्हणाली. एका बोटाच्या टोकाला चुना लागलेला होता, आणि त्या बोटाने तो पुलीवर जागा दाखवत होता.

महिपतीने हातातला घास ताटात परत ठेवला. दुसरी खूण का थरथरत नाही, ते त्याला कळलं होतं.

५

झोप कसली लागते. अंथरुणात पडून तो हिशेब करत राहिला. हात जर तिथे नुसता धरलेला असता तर पंख्याने पहिल्या फेऱ्यात उडवला असता. चमकेत स्थिर दिसतो म्हणजे तो इंजिनाबरोबर हलतो. म्हणजे दर फेऱ्याला तो पात्यांच्या मधून येतो, बोट टेकवतो आणि निघून जातो. मिनिटाला पाचशे वेळा. आणि एकदाही चुकत नाही. असं टायमिंग महिपतीने उभ्या जन्मात कोणाचं पाहिलं नव्हतं. भीती वाटत होतीच, खोटं कशाला बोला, पण भीतीच्या खाली कुठेतरी त्याला त्या हाताचा हेवा वाटला.

मुदतीला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी विठा बाजाराला गेल्यावर त्याने जे करायचं नाही ते केलं. दिवा लावला आणि आपली रेघ सोडून दुसऱ्या खुणेवर टायमिंग आणलं. ती जागा सपशेल चुकीची होती. तिथे ठिणगी इतकी लवकर पडते की कुठलंही इंजिन ठोके मारून पिस्टन फोडील आणि हँडल हात मोडील.

सूर लागला. इतके दिवस जो निसटत होता तो सूर एकदम येऊन बसला आणि हललाच नाही. महिपतीने चहाचा भरलेला ग्लास इंजिनाच्या डोक्यावर ठेवला. चहाला लहरसुद्धा आली नाही. बंद करून हँडल घातलं, अंगठा बाहेर ठेवून भीत भीत अर्धा फेरा दिला, आणि इंजिन बोलायला लागलं. दहा वेळा केलं, दहाही वेळा अर्ध्या हँडलात. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गोजरबाई दारात येऊन म्हणाली, "झाला का रं बंब? देव पावला बाबा." तिच्या नव्या म्हशीने मागून हंबरून साथ दिली.

देव पावला असंच त्याने धरलं. हातच आहे ना, काम तर जाणतो. कोणीतरी जुना मिस्त्री असेल, दाखवतोय, दाखवू दे.

६

नट शेवटचा आवळण्यासाठी त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन चालू ठेवलं. एका हातात दिवा, एका हातात अर्धा इंची पाना. विठा घरात होती. खूण बघावी म्हणून त्याने दिवा खाली धरला.

बोट पुलीवर नव्हतं. पात्यांच्या मधून हात वर आला होता, तळवा उघडा, बोटं जराशी वाकलेली.

आणि महिपतीने पाना त्या तळव्यावर ठेवला.

विचार केला नाही. दुसऱ्याच्या हाताखाली काम शिकला तेव्हापासून हात पुढे आला की पाना ठेवायचा, यात विचार करायची वेळच कधी आली नव्हती. ठेवला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण फिरत्या पंख्यात लोखंड टाकलं. तो मागे उडाला, तोंडावर हात घेतला. आता पातं तुटेल, रेडिएटर फुटेल, पाना गोळीसारखा पत्र्यातून जाईल.

काही झालं नाही. खणकन नाही, खट नाही. इंजिन त्याच सुरात चालू होतं. दिवा खाली पडला होता आणि मातीत पडल्या पडल्या चमकत होता.

त्याने स्विच बंद केला. पंखा थांबला, सगळी पाती शाबूत. पाना खाली नव्हता. ट्रेमध्ये नव्हता, चेसिसवर नव्हता, शेडमध्ये कुठे म्हणजे कुठे नव्हता. गुडघ्यांवर रांगत त्याने माती चाचपली. रेडिएटरच्या जाळीत बॅटरी मारून बघितलं. माणूस खुळा होतो तेव्हा कुठे कुठे बघतो, त्याने तंबाखूची डबीही उघडून बघितली.

मग तो बसून राहिला, आणि त्याला ऐकू आलं. इंजिन निवताना लोखंड टिकटिक करतं, तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्या टिकटिकीच्या आत दुसरा आवाज होता. पाना नटावर बसल्याचा. मग पाव फेरा आवळल्याचा. मग पाना उचलून पुन्हा बसवल्याचा. सावकाश, न चुकता, ज्याला घाई नाही अशा माणसाचं काम. आपला कान गेला नाही हे महिपतीला त्या वेळी नक्की कळलं, आणि गेला असता तर बरं झालं असतं असंही वाटलं.

सहा नट आवळले गेले. मग आवाज थांबला.

७

विठाला त्याने सगळं सांगितलं. ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती, ती निवडतच राहिली. तिचं म्हणणं सरळ होतं. बंब परत देऊ नका, साहेबांना सांगा जमलं नाही, नाक कापलं गेलं तर जाऊ द्या.

महिपती म्हणाला, आणि पुढच्या वेळी जाळ आला तर? तेव्हाही तूच जाशील दावी सोडायला. मी ओळखतो तुला.

"जाईन," विठा म्हणाली. "पण मी काय देतेय ते मला ठाऊक असेल. तुमचं तसं नाय. त्यानं आज पाना मागितला. उद्या काय मागंल?"

उत्तर नसलं की पुरुष चिडतो, तसा तो चिडला. काम सुरेख झालंय, गावाला बंब मिळतोय, तुला भुतंखेतं सुचतायत, असं तावातावाने बोलून गेला. तिने हातावर खोबरेल लावलं आणि दिवा विझवला.

महिनाअखेरीला दिनानाथ साहेब आले, बरोबर शंकर. हा बंबावरचा पंप चालवणारा गडी, तिशीतला, बोलका, नुकतंच लग्न झालेला. साहेबांनी स्वतः हँडल मारलं. अर्ध्या फेऱ्यात सुरू. साहेब इतके खूश झाले की त्यांनी मिस्त्रीला मिठी मारली, शर्टाला ऑइल लागलं तरी. महिपतीने इतकंच सांगितलं की चालू असताना बॉनेट उघडू नका. का, असं साहेबांनी विचारलं. पंखा जवळ आहे, धोका आहे, एवढंच तो म्हणाला. हे खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं धाडस झालं नाही हेही तितकंच खरं, आणि त्याचा सल त्याला त्या दिवसापासून राहिला.

बंब मोरिवलीकडच्या गेटावर उभा राहिला. बायकांनी हळदकुंकू वाहिलं. विठा गेली नाही.

८

आग लागली फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी तीनला. आधी भोंगा झाला, मग भिंतीमागून काळा धूर वर आला आणि तो वास आला, एप्रिलातला.

महिपती धावत गेटावर पोचला तेव्हा बंब सुरू होता. पाइप गोठ्याकडच्या भिंतीपर्यंत ताणले होते, पाणी जोरात पडत होतं, जाळ भिंतीच्या आतच अडला होता. क्षणभर त्याचा जीव भांड्यात पडला. मग इंजिन खोकलं.

एकदा खोकलं, सावरलं, पुन्हा खोकलं. पाइप ढिला पडला. पुढे पाइप धरलेली माणसं वळून बघायला लागली. महिपती बंबाच्या तोंडाशी गेला तर बॉनेट उघडलेलं, आणि शंकर हातात पाना घेऊन आत वाकलेला.

"मिस्त्री, आत तुमचा माणूस आहे का?" शंकरने विचारलं. त्याच्या आवाजात भीती नव्हती, नुसता गोंधळ होता. "मघाशी खोकायला लागलं म्हणून उघडलं. त्याने हात काढला, मी पाना दिला, लगेच बरोबर चालायला लागलं. आता परत हात काढलाय. पाना देतोय तर घेत नाही."

महिपतीने आत पाहिलं. दिवा नव्हता, चमक नव्हती, लख्ख दुपार होती. पंखा पूर्ण वेगात होता, पात्यांचं नुसतं करडं वर्तुळ दिसत होतं, आणि त्या वर्तुळाच्या मधोमध तो हात होता, तळवा उघडा. पांढरा पडलेला, सुरकुतलेला, नखांत काळं. हलत नव्हता. वाट बघत होता. शंकर पाना पुढे करायचा तशी बोटं मिटायची आणि पाना मागे घेतला की उघडायची.

शंकरने पाना खिशात घातला आणि मोकळा हात पुढे करत म्हणाला, त्याला बाहेर यायचं असेल, आधार देतो.

महिपतीने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. इंजिन आता तीनच सिलिंडरवर चालत होतं. पाइपातून पाणी नुसतं ओघळत होतं. भिंतीच्या कडेवर पहिली ज्वाळा आली, आणि गोठ्याच्या दिशेने गोजरबाईची हाक आली. ती विठाचं नाव घेत होती. विठा आत आहे, बाहेर ये म्हणून हाका मारत होती.

स्विच बंद करावा तर पाणी गेलं. न करावा तरी गेलंच होतं. इथून गोठा दोनशे पावलं, पळत गेलो तरी जाळ आधी पोचेल, हे त्याने एका नजरेत मोजलं. मग त्याने शंकरला सांगितलं, तू पुढे जा, पाइप धर, इंजिन मी बघतो. शंकर घुटमळला. महिपतीने त्याला घाणेरडी शिवी दिली, तेव्हा तो पळाला.

बॉनेटखाली पेट्रोलचा आणि तापल्या लोखंडाचा वास होता. महिपतीने उजव्या हाताची बाही कोपराच्या वर सारली. पातं कधी येतं ते दिसत नव्हतं. त्याने डोळे मिटले, कान दिला, आणि हात पुढे केला.

पातं लागलं नाही. बोटं लागली, थंड, ओलसर, आणि ती सावकाश मिटली.

इंजिनाने सूर धरला. पायाखालची जमीन गुणगुणायला लागली, पाइप फुगून ताठ झाला आणि भिंतीपलीकडून लोकांचा गलका उठला, पाणी आलं, पाणी आलं. त्या गलक्यात म्हशीचं हंबरणं होतं आणि विठाचा खणखणीत आवाज होता, ती कोणाला तरी बाजूला हो म्हणून झापत होती. धुरातून शंकर ओरडून सांगत होता की मिस्त्री, असंच चालू ठेवा, अजून तासभर तरी लागेल. महिपतीने हो म्हटलं. हात मागे घेऊन बघावा असं त्याला एकदा वाटलं, आणि त्याने जरासा ओढून पाहिला, तो सुटेना. मग त्याला आत कुठेतरी, आपल्याच कोपराच्या जवळ, पाना बसल्याचा आवाज ऐकू आला.